चलच्चित्रांच्या विस्मृत लिपी

इंदूरच्या भंवरकुआं चौकात, जेथे जुन्या आग्रा-मुंबई मार्गापासून खंडव्याकडे जाणारा रस्ता फुटतो आणि जेथे स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांसाठी गावोगावाहून आलेल्या मुलामुलींची वर्दळ पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत ओसरत नाही, तेथील एका लहानशा संगणक-दुरुस्तीच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात मी एक जुनी हार्ड डिस्क घेऊन गेलो होतो. तिच्यात आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गणेशोत्सवातील एक व्याख्यान होते. २००१ साली ते व्हीएचएस कॅसेटवर चित्रित झाले. पुढच्या वर्षी शहरातल्या एका स्टुडिओकडून आम्ही ते संगणकावर उतरवून घेतले. आणि आता कॅसेट सांभाळून काय करायची, हा तेथील गृहस्थांचा सल्ला शहाणपणाचा मानून कॅसेट तेथेच सोडून आलो. दुकानातील तरुणाने फाइल उघडली तेव्हा अण्णांचा आवाज स्वच्छ आला, महेश्वरच्या घाटांविषयीचे त्यांचे पहिले वाक्य शब्दशः ऐकू आले, परंतु पडदा काळा होता तो काळाच राहिला. "अंकल, फाइल खराब नहीं है, कोडेक पुराना है," असे त्याने मला समजावले. मी त्या दुकानाच्या बाकावर बसून बेचाळीस मिनिटे काळ्या पडद्याकडे पाहत वडिलांचे व्याख्यान ऐकले, आणि हा विषय नीट समजून घेतल्यावाचून घरी जायचे नाही, असे तेव्हाच ठरवले.

कोडेक हा शब्द दुकानदारांच्या तोंडी रुळला असला तरी त्याचा अर्थ उलगडून सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या पद्धतीने एका सेकंदाचे चित्र अंकांत मांडायचे म्हटले, तर ७२० बिंदूंच्या ५७६ ओळी, अशी २५ चित्रे, आणि प्रत्येक बिंदूमागे सरासरी दोन बाइट, असा हिशेब धरून सुमारे दोन कोटी सात लाख बाइट लागतात; म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमास सुमारे ७५ जीबी. एवढा ऐवज ज्या काळी कोणत्याही घरगुती साधनात मावणे शक्य नव्हते, त्या काळी संक्षेपाची विद्या जन्मास आली. एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलत नाही ते पुन्हा लिहू नये, जे हलले आहे त्याचे केवळ स्थलांतर नोंदवावे, आणि डोळ्यांस न जाणवणारे सूक्ष्म तपशील गाळावेत, ही तिची तत्त्वे होत. ह्यांतील शेवटच्या तत्त्वाचा गणिती पाया १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या निबंधात आहे, तो बंगलोरात जन्मलेल्या नासिर अहमद ह्यांनी टी. नटराजन व के. आर. राव ह्यांच्यासह लिहिलेला आहे, आणि घरोघरच्या लग्नाच्या सीडीपासून हातातील मोबाइलपर्यंत सर्वत्र त्या गणिताचीच नाना रूपे नांदत आहेत, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्या लोकांस ठाऊक असते.

परंतु संक्षेप केला की लिपी आली, आणि लिपी आली की तिच्या वाचकाची गरज आली; ही लिपी लिहिणारे व वाचणारे साधन म्हणजेच कोडेक. मराठी माणसास हे उदाहरण देऊन पटवण्याची गरज नसावी, कारण आपण मोडीचे वारस आहोत. पेशवे दफ्तरातील रुमाल शाबूत होते, कागद उत्तम होता, शाई उडालेली नव्हती. तरीही गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ ह्या अवधीत त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघू शकले ते केवळ मोडी सराईतपणे वाचणारी माणसे हाताशी होती म्हणून. आज तोच रुमाल सोडून बसणाऱ्या दहा सुशिक्षितांपैकी किती जणांस त्यातील एक ओळ लागेल? माझ्या हार्ड डिस्कची अवस्था अगदी तीच होती. फाइलीतील एकही बाइट नष्ट झालेला नव्हता. वाचणारा तेवढा नाहीसा झाला होता.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाची दखल घेणे अवश्य आहे. फाइलीच्या नावापुढे जे एव्हीआय, एमओव्ही, एमपीफोर असे लिहिलेले असते ते पेटीचे नाव होय, आतील लिपीचे नव्हे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने एव्हीआयची पेटी काढली आणि तिच्यात पुढे इतक्या भिन्न लिपींचा मजकूर भरला गेला, की दोन एव्हीआय फाइलींपैकी एक सुखाने चालावी आणि दुसरीने काळा पडदा दाखवावा, ह्यात नवल नाही. आत कोणती लिपी आहे हे पेटीतच चार अक्षरांच्या एका खुणेने नोंदलेले असते. अण्णांच्या फाइलीत ती खूण इंटेल कंपनीच्या इंडिओ ५ ह्या लिपीची निघाली.

ह्या लिपींची वंशावळ फार लांब नाही, पण तिच्यातील उलथापालथ पाहिली की मन थक्क होते. १९९१ च्या सुमाराचे सिनेपॅक, त्याच्याच आगेमागे आलेले इंडिओ आणि १९९८ साली ॲपलच्या क्विकटाइमबरोबर आलेले सोरेन्सन ही खासगी घराण्यांची अपत्ये. त्यांचे नियम मालकांच्या कपाटात कुलूपबंद असत. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय समित्यांनी सिद्ध केलेली, छापील नियमांची परंपरा: १९९३ चे एमपेग-१, त्यापाठोपाठ एमपेग-२, १९९९ च्या आसपासचे एमपेग-४, २००३ चे एच.२६४, २०१३ चे एच.२६५. एमपेग-१ ने आपल्या देशात जो चमत्कार केला त्याचे स्मरण आजही सुखद वाटते. व्हीसीडीच्या एका तबकडीवर ७४ मिनिटांचे चित्र, तेही ३५२ बाय २८८ बिंदूंचे, सेकंदाला अवघ्या साडेअकरा लाख बिटांत, म्हणजे मूळ आकाराच्या सुमारे सव्विसाव्या हिश्शात मावे. आणि दोन-तीन तबकड्यांच्या संचांत मराठी नाटके इंदूर, ग्वाल्हेर, देवासच्या मराठी घरांत जाऊन पोहोचत. मुंबई-पुण्याचे रंगमंदिर ज्यांस दुर्लभ होते त्यांच्या दृष्टीने ते धुरकट चित्रदेखील मोठा ठेवा होते. मोबाइलची लिपी त्याहून दरिद्री. एच.२६३ मध्ये १७६ बाय १४४ बिंदूंत कोंबलेली थ्रीजीपी चित्रे आज पाहिली तर माणसे ओळखू येत नाहीत, पण कित्येक कुटुंबांत आजीआजोबांचे हलते चित्र म्हणून तेवढेच एक शिल्लक आहे. रिअलव्हिडिओ, विंडोज मीडिया, डिव्हएक्स ह्यांचाही एकेक दशकाचा अंमल होऊन गेला. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

भंवरकुआंहून खंडवा मार्गाला लागले की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर लागतो. ह्या विश्वविद्यालयाच्या छत्राखाली विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या योजनेतील शैक्षणिक बहुमाध्यम संशोधन केंद्र आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन शिक्षणाचे जे देशव्यापी वर्ग सुरू केले, त्यांच्यासाठी कार्यक्रम निर्माण करणाऱ्या केंद्रांचे जाळे हळूहळू देशभर पसरले, आणि इंदूर व पुणे ही त्यांतील आपल्या निकटची दोन ठाणी. अशा संस्थांचा प्रश्न घरगुती ठेव्याहून कितीतरी पटींनी मोठा आहे, कारण त्यांच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात चुंबकीय फीत, तबकडी, उपग्रह-प्रक्षेपण, संकेतस्थळ आणि २०१७ ची स्वयंप्रभा वाहिन्यांची योजना, अशी एकामागून एक माध्यमे बदलत गेली आणि प्रत्येक माध्यमाने आपली स्वतंत्र लिपी लादली. ज्या प्राध्यापकाने १९९० साली वनस्पतिशास्त्रावर किंवा माळव्याच्या भूगर्भावर पाठ दिला तो पाठ कालबाह्य होईलच असे नाही. त्यातील निरीक्षण पुन्हा मिळणार नाही असेही असू शकते. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ साली ध्वनिसंग्रहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह चुंबकीय फितींसंबंधी धोक्याची सूचना जगभर प्रसृत केली आणि फिती वाचणारी यंत्रे २०२५ च्या सुमारास नित्याच्या उपयोगास दुर्मीळ होतील, असे त्या क्षेत्रातील जाणत्यांचे मत नोंदवले. ती मुदत आता उलटून गेली आहे. फितीवरून संगणकावर आणलेले काम म्हणजे सुटलेले काम, असे मानण्याची चूक मात्र कोणी करू नये. संगणकावरील लिपीलाही तिची स्वतःची मुदत असते, आणि ती फितीहून अल्पायुषी ठरल्याची उदाहरणे आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चित्रे संक्षिप्त करणारी, रूपांतर करणारी आणि जुळवणारी सॉफ्टवेअर जुन्या लिपींचा त्याग का करतात? पहिले कारण यंत्ररचनेतील स्थित्यंतर. क्विकटाइमच्या जमान्यातील कोडेक ३२ बिटांच्या संगणकांसाठी लिहिलेली होती, त्यांचे मालक एक तर नाहीसे झाले होते किंवा त्यांस पुनर्लेखनात स्वारस्य नव्हते. ॲपलने २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीत ३२ बिटांची साथ पूर्णतः सोडली तेव्हा सिनेपॅक आणि सोरेन्सन एका दिवसात परागंदा झाली. ॲडोबीनेही २०१८ पासून प्रीमियरसारख्या आपल्या साधनांतून क्विकटाइम ७ च्या काळातील लिपींचा आधार काढून घेतला. दुसरे कारण पेटंटांच्या इजाऱ्याचे. एमपेग-२ वरील अखेरचे अमेरिकी पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपेपर्यंत प्रत्येक निर्मात्यास त्याचा कर भरणे भाग होते, आणि ज्या सोयीचा उपयोग थोडे लोक करतात तिच्यासाठी कर भरीत राहण्यास कोण राजी होणार?

परंतु सर्वांत गंभीर कारण सुरक्षिततेचे आहे आणि त्याचा विचार अधिक विस्ताराने करावयास हवा. कोडेक जेव्हा लिहिली गेली तेव्हा फाइल म्हणजे विश्वासाने दिलेली वस्तू, अशी समजूत होती. फाइलीत दिलेला आकडा खरा मानूनच ती स्मृतीत जागा राखून ठेवीत. आज एखादा दुष्टबुद्धी माणूस मुद्दाम खोटे आकडे भरलेली फाइल रचतो, ती जुन्या कोडेकसमोर ठेवतो आणि तिच्या गोंधळाचा फायदा घेऊन साऱ्या संगणकाचा ताबा मिळवू शकतो. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील इंडिओची वाट मोठ्या अंशी बंद केली ती ह्याच भयाने. एप्रिल २०१६ मध्ये विंडोजवरील क्विकटाइममध्ये दोन छिद्रे उघड झाली, ॲपलने ती बुजवण्याचे नाकारले, आणि अमेरिकी सरकारच्या संबंधित खात्याने ते सॉफ्टवेअर काढून टाकावे असा जाहीर सल्ला दिला. ह्या निर्णयांस मी चूक म्हणणार नाही. ज्याचा कोणी वाली नाही असा दरवाजा घरास ठेवणे धोक्याचेच. खंत एवढीच, की दरवाजा बंद करताना आत कोण राहिले आहे ह्याची विचारपूस कोणी केली नाही. ज्यांच्या संग्रहात त्या लिपीतील फाइली होत्या त्यांना, त्या आजच दुसऱ्या लिपीत उतरवून घ्या, असा इशारा वेळेवर आणि त्यांना समजेल अशा भाषेत क्वचितच मिळाला.

ह्याच्या उलट टोकाला एक अपूर्व उद्योग उभा आहे आणि त्याविषयी लिहिताना आदर लपवता येत नाही. २००० साली फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच प्रज्ञावंताने एफएफएमपेग नावाचा मुक्त प्रकल्प आरंभिला, आणि तेव्हापासून स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी, नियम छापलेले असोत वा नसोत, जुन्या फाइली बिट-बिट निरखून मृत लिपी पुन्हा वाचण्याची विद्या त्यात जमा केली. इंडिओ, सोरेन्सन, सिनेपॅक, रिअलव्हिडिओ, सारी त्यात वाचली जातात. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेले व्हीएलसी आणि घरगुती रूपांतरासाठी लोकप्रिय झालेले हँडब्रेक ही दोन्ही साधने बव्हंशी त्याच भांडारावर चालतात. इतक्या लिपी वाचण्याची किंमतही ह्या प्रकल्पास मोजावी लागते. २०१४ च्या आरंभी गूगलमधील दोन संशोधकांनी दोन वर्षांच्या तपासणीतून एफएफएमपेगमध्ये हजाराहून अधिक दुरुस्त्या झाल्याचे सांगितले. आणि २०२५ मध्ये, १९९५ सालच्या एका संगणक-खेळातील चित्रे वाचणाऱ्या भागात गूगलच्या कृत्रिम बुद्धीस दोष सापडला, तेव्हा विनावेतन राबणाऱ्यांवर धनाढ्य कंपन्यांनी किती ओझे टाकावे ह्यावरून उघड वाद झाला. तीस वर्षांपूर्वीच्या एका खेळाच्या लिपीचा वाचक जिवंत ठेवण्यासाठी कोणीतरी रात्र जागवतो, आणि तो दोष दाखवला जाताच तो दूर करतो, ह्यास मी ग्रंथपालाच्या व्रताहून वेगळे मानू शकत नाही.

ह्या दोन टोकांमधून जाणारी एक वाट आहे आणि माझ्या मते तीच न्याय्य आहे: जुनी लिपी लिहिण्याचे थांबवावे, वाचण्याचे थांबवू नये. हँडब्रेकच्या कर्त्यांनी २००९ च्या अखेरीस हेच केले. एव्हीआयच्या पेटीत आणि एक्सव्हिडच्या लिपीत नवी फाइल निर्माण करण्याची सोय त्यांनी काढून टाकली, त्यावर पुष्कळ लोक रुष्टही झाले, पण तशी जुनी फाइल घेऊन आलेल्या माणसास त्यांनी परत पाठवले नाही. न्यायालयात मोडीतील नवे दस्त स्वीकारू नयेत, पण जुन्या दस्तांसाठी मोडीचा जाणकार पदरी ठेवावा, असाच हा बंदोबस्त. वाचणारा भाग उर्वरित संगणकापासून अलग कोठडीत चालवण्याची युक्ती आता सर्वज्ञात आहे; तेव्हा धोका आहे म्हणून वाचनच बंद, हा युक्तिवाद पूर्वीइतका सबळ राहिलेला नाही. आणि लिपी मुक्त असली म्हणजे ती चिरंजीव होते, ह्या भाबड्या श्रद्धेलाही थारा नको: थिओरा ही पेटंटमुक्त लिपी विकिपीडियाने वर्षानुवर्षे आग्रहाने वापरली, तरी २०२४ मध्ये क्रोम ब्राउझरने तिचे वाचन थांबवले. मात्र तिचे नियम प्रकाशित असल्यामुळे तिचा वाचक पुन्हा घडवता येतो. खासगी लिपीच्या बाबतीत तो भरवसा नसतो.

राहिला प्रश्न आपल्यासारख्यांनी काय करावे हा, आणि येथे आपल्या दुकानांत रूढ असलेल्या एका पद्धतीविषयी स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. जुनी फाइल द्यावी, "एमपीफोर करून द्या" म्हणावे, आणि लहान झालेली नवी फाइल घेऊन जुनी पुसून टाकावी, ही ती पद्धत. संक्षेपाने गाळलेले तपशील परत येत नसतात. आधीच गाळलेल्या चित्रातून पुन्हा गाळले की दुसऱ्या संक्षेपास पहिल्याच्या चुकादेखील चित्राचा भाग वाटतात आणि त्या जपण्यात तो आपले बिट खर्च करतो. शिवाय दूरचित्रवाणीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन भागांत, सेकंदाला ५० अर्धचित्रे अशा क्रमाने घेतलेले असे. बेफिकीर रूपांतरात एक अर्ध फेकले जाते आणि नर्तकीच्या हाताची अर्धी गती कायमची हरवते. ७२० बिंदूंची ओळ पडद्यावर थोडी ताणून दाखवायची असते हे विसरले, की चेहरे किंचित लांबट दिसू लागतात. आपल्याकडील लग्नाच्या कित्येक रूपांतरित चित्रांत सारे वऱ्हाड असे लांबट झालेले मी पाहिले आहे.

म्हणून प्रथम मूळ फाइलीची बाइटबरहुकूम नक्कल करून ती निराळ्या डिस्कवर ठेवावी आणि दोन्ही तंतोतंत जुळतात ह्याची चेकसमने खातरजमा करावी. मीडियाइन्फोसारख्या साधनाने आतील लिपी ओळखावी. ती एमपेग-१ किंवा एमपेग-२ असेल तर घाबरण्याचे कारण नाही, व्हीसीडीतील डॅट फाइलीची केवळ पेटी बदलली तरी काम भागते आणि चित्रास धक्काही लागत नाही. लिपी पोरकी असेल, तर दोन प्रती काढाव्यात: पाहण्यासाठी एच.२६४ ची उदार बिटांतील एक, आणि ठेवण्यासाठी एफएफव्ही१ ची दुसरी. ही एफएफव्ही१ लिपी एफएफएमपेगमध्येच २००३ साली मिखाएल नीडरमायर ह्यांनी घडवली. ती काहीही गाळीत नाही, तिचे नियम २०२१ साली इंटरनेटच्या प्रमाणसंस्थेने प्रकाशित केले आहेत, आणि अनेक संग्रहालयांनी ती स्वीकारली आहे. जागा अधिक लागते हे खरे. पण डिस्कची किंमत आता अशी राहिलेली नाही, की तिच्यासाठी वडिलांच्या चेहऱ्यावरील रेषा गाळाव्यात. मूळ फाइल मात्र ह्यानंतरही पुसू नये. उद्या तिचा आजच्याहून चांगला वाचक निघणे असंभव नाही.

भंवरकुआंच्या त्या तरुणाने दुसऱ्या दिवशी मला बोलावले, एफएफएमपेगची आज्ञा एका ओळीत लिहिली आणि पडद्यावर अण्णा उभे राहिले. ३५२ बाय २८८ बिंदूंचे लहानसे चित्र, कडेला कॅसेटच्या डोक्याने उमटवलेली थरथरती पट्टी, मागे तोरण, आणि उजव्या हातात त्यांचा नेहमीचा घड्या घातलेला कागद, ज्याकडे ते भाषण करताना एकदाही पाहत नसत. कॅसेटमधील निम्म्या ओळी स्टुडिओने उतरवतानाच सोडून दिल्या होत्या. त्या आता कोठेही नाहीत. शेवटाकडे सुमारे वीस सेकंद चित्र फुटते, चौकोनांचे तुकडे होतात, आणि तेवढा वेळ फक्त आवाज राहतो. तो भाग कापून देऊ का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. तिन्ही प्रतींत ती वीस सेकंदे जशीच्या तशी आहेत.